कुत्रं कोणावर भुंकत नाही

निकम सर गेल्याचा निरोप मला वकिलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळाला. बार रूममध्ये बसून तो वाचला आणि खरं सांगतो, आधी चिडलोच. ‘मनमिळाऊ, मितभाषी आणि सर्वांना सांभाळून घेणारे...’ महिन्यापूर्वी दुसऱ्या एका ज्येष्ठ वकिलांसाठी आलेला हाच मजकूर, फक्त नाव बदललेलं. निकम सर आणि मितभाषी? ज्या माणसाने अर्धं आयुष्य कायद्याच्या लेखनातली उचलेगिरी पकडण्यात घालवलं, त्याला निरोप द्यायचा तोही उचललेल्या शब्दांत! हे सरांना दाखवायला हवं, असं मनात आलं आणि मग लक्षात आलं की आता दाखवायचं कुणाला... मी मोबाइल पालथा ठेवला.

सर मूळचे सटाण्याकडचे. आधी मालेगावच्या कोर्टात काही वर्षं वकिली केली, मग नाशिकला आमच्या लॉ कॉलेजात मालमत्तेचा कायदा शिकवायला आले. निवृत्तीनंतर त्यांच्या पंचवटीतल्या घरी कुठून कुठून प्रबंध तपासायला येत. सोबत उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल असे, तो सर न वाचता डब्याखाली ठेवायला वापरत. त्यांची रीत निराळी होती. हातात पेन्सिल घेऊन वाचत जायचं आणि अडखळत चाललेली भाषा एखाद्या पानावर अचानक इस्त्री करून आली की तिथे खूण करायची. मग प्रबंध लिहिणाऱ्याला समोर बसवून एकच प्रश्न : ‘‘हे तुला सुचलं तेव्हा तू कुठे होतास?’’ ज्याचं असतं तो सांगतो, बसमध्ये होतो, आंघोळ करत होतो. बाकीचे छताकडे बघतात. एकदा एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, ‘‘सर, सॉफ्टवेअरने तर पास केलंय.’’ सर म्हणाले, ‘‘मग पदवी त्यालाच देऊ.’’

या स्वभावाचा आम्हा विद्यार्थ्यांना अतोनात त्रास झाला. मी नवा वकील असताना नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा दावा तयार केला. तयार केला म्हणजे सिनिअरच्या जुन्या फाइलवरून उतरवला. सगळेच तसं करतात. तिसऱ्या मजल्यावरचा तो फ्लॅट मी ‘विहिरीच्या पाण्याच्या हिश्शासह’ मागितला होता. सरांनी कागद बघितला आणि रागावले की येणाऱ्या त्यांच्या अहिराणीत गरजले, ‘‘हाई काय शे?’’ मी म्हणालो, ‘‘सर, आपला धंदाच उतारे काढण्याचा.’’ त्यावर मला तासभर ऐकून घ्यावं लागलं. नमुना कुणाच्या मालकीचा नसतो, तो खुशाल घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. विचार मात्र कुणाचा तरी असतो, तो घेताना त्याचं नाव घ्यावं. एवढंच सांगायचं होतं, पण एवढंच सांगतील तर ते निकम सर कसले!

गेल्या वर्षी मी नव्या वकिलांसाठी जमिनीच्या ताब्यावर पुस्तक लिहिलं. आयुष्यातलं पहिलं आणि बहुधा शेवटचं. हस्तलिखित कौतुकाने सरांना दिलं. त्यात एक वाक्य होतं : कागद मालक कोण ते सांगतो, ताबा कोणाचा हे बघायचं तर दारातलं कुत्रं कोणावर भुंकत नाही ते बघावं. प्रकाशक या वाक्यावर इतका खूश की त्याने ते मुखपृष्ठावर घ्यायचं ठरवलं होतं. सरांनी नेमक्या त्याच ओळीला खूण केली आणि विचारलं, ‘‘हे सुचलं तेव्हा कुठे होतास, शेखर?’’

‘‘आता ते कसं आठवेल, सर?’’

‘‘हे तुझं नाही. कुणाचं ते शोध आणि मग छाप.’’

‘‘तुम्हाला माहीत आहे ना? मग सांगा की!’’

‘‘मी सांगून काय उपयोग?’’

झालं. मी हस्तलिखित उचललं आणि निघालो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला चोर म्हणायचं आणि माल कुणाचा तेही सांगायचं नाही! तरी मी शोधलं. ग्रंथालयं पालथी घातली, जुने निकाल चाळले. कुठे काही नाही. मग हट्टाने पुस्तक छपाईला दिलं आणि सरांकडे जाणं बंद केलं. आठ महिने. पंचवटीत कामाला गेलो तरी त्यांची गल्ली टाळायचो. त्यांनीही फोन केला नाही. एक नाव, फक्त एक नाव सांगितलं असतं तर काय बिघडत होतं? त्यांचा राग आला होता, अजूनही येतो, आणि त्याच्या दुप्पट माझा येतो.

तेराव्यानंतर सरांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, मला बोलावून घेतलं. ‘‘त्यांची शिकवायची टिपणं आहेत बाबा, तूच घेऊन जा. रद्दीत घालायला माझा हात होत नाही.’’ तिथेच खाली बसून मी ताब्याचं प्रकरण उघडलं. पिवळ्या पडलेल्या कागदावर सरांच्या तिरक्या अक्षरात ते कुत्र्याचं वाक्य होतं. शेजारी समासात : ‘हे माझं नव्हे. रहीमचाचा, बेलिफ, मालेगाव कोर्ट.’ ताबा द्यायला गावोगाव हिंडणारा एक बेलिफ. आणि त्याखाली, वेगळ्या शाईत : ‘इथे मुलं दरवर्षी पेन खाली ठेवतात. तरी नाव सांगणे.’

घरी येऊन माझी कॉलेजातली वही काढली. कुत्रं शब्दशः उतरवलेलं होतं, चाचा नव्हते. बेलिफाचं नाव परीक्षेत थोडंच येणार होतं!

पुस्तक अजून प्रकाशकाकडे रांगेतच होतं; त्याला फोन करून छपाई थांबवायला सांगितली. त्या ओळीखाली नाव टाकायचंय म्हटल्यावर तो वैतागला. ‘‘साहेब, बेलिफाचं नाव कोण वाचणार आहे?’’

‘‘कुणी नाही वाचलं तरी टाका.’’

‘‘बरं, सांगा. नुसतं रहीमचाचा कसं छापणार? पूर्ण नाव काय त्यांचं?’’

‘‘विचारून सांगतो,’’ म्हणालो आणि फोन ठेवला. मालेगावला दोनदा जाऊन आलो, कोर्टात आता त्यांना ओळखणारं कुणी उरलेलं नाही. ते नाव सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि त्याच्याशी मी आठ महिने बोललो नव्हतो.