मुरड

"राहू दे ती. तू बाहेर पणत्या मांड."

ताईने माझ्या हातातली करंजी काढून घेतली. अर्धीच मुरड घालून झाली होती.

ताई युनीतल्या, म्हणजे इथल्या विद्यापीठातल्या, मराठी ग्रुपची सीनियर. दिवाळीचा फराळ वेंटवर्थव्हिल या उपनगरात तिच्या घरी चालला होता. मी तालुक्याच्या शाळेतून आलेली, घरातली पहिली पदवीधर. परक्या देशात उतरले तेव्हा याच ग्रुपने मला एअरपोर्टवरून आणलं, खोली दिली, कामाची शिफ्ट मिळवून दिली. त्या उपकाराने मी वाकून गेले होते.

पाच मिनिटांपूर्वी सगळं ठीक होतं. बाकीच्या मुली कातणाच्या फिरकीने कडा कापत होत्या. मी आईसारखी हाताने मुरड घालत होते. पुण्याहून आलेल्या ताईच्या आई खूश झाल्या.

"शिका गं हिच्याकडून! आपल्यातलीच ना तू?"

"हो काकू, मराठीच."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

"अगं वेडाबाई, तसं नाही. म्हणजे तुम्ही कोण?"

"आम्ही बौद्ध."

हसू थांबलं. काकू हात धुवायला उठल्या.

पणत्या मांडून झाल्यावर मी रिकामं खोकं टाकायला आत आले. कचऱ्याचा डबा उघडला. आत करंज्या. कच्च्या, पांढऱ्या, चहाच्या चोथ्यावर पडलेल्या. प्रत्येकीला हाताची मुरड. फिरकीने कापलेल्या तेवढ्या परातीत होत्या.



ताई मागे येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "आम्ही नाही गं मानत. आईबाबा आहेत ना इथे, म्हणून. पुढच्या वेळी कोणी विचारलं तर नुसतं मराठी म्हण. नो वरीज."

मघाशी मी भाबडेपणाने दिलेलं उत्तर. ज्याला त्या हसल्या होत्या. आता तेच ग्रुपमध्ये राहण्याची अट झालं होतं.

मी डब्यातून एक करंजी उचलली. चोथ्यासकट परातीत नेऊन ठेवली, त्यांच्या करंज्यांवर.

"ही माझी. आता टाका सगळी परात."

काकू किंचाळल्या. ताई म्हणाली, "उपकार विसरलीस!" मी बॅग उचलली आणि स्टेशनकडे चालू लागले.

खोली सुटली. शिफ्टही गेली. युनीत कोणी ओळख दाखवेना.

नव्या मुली विचारतात, "ग्रुप जॉइन नाही केला तर एकटं पडायला होतं का?"

होतं. मी खोटं सांगत नाही. मी कित्येक महिने एकटी जेवले.

पण आता कोणी "आपल्यातली का?" विचारलं की मी मराठी म्हणत नाही. आधी बौद्ध म्हणते. आणि हात धुवायला कोण उठतं, ते बघत उभी राहते.