धानकेमामांचा कच्चा फोटो

धानकेमामा हातात येईल ती वस्तू आधी उजेडाकडे धरायचे. पापड असो, नवं धोतर असो, शाळेचा दाखला असो, खिडकीकडे वळायचं, एक डोळा बारीक करायचा आणि निकाल द्यायचा. माझ्या लग्नाची पत्रिका घेऊन गेलो तेव्हा तीही त्यांनी तशीच धरली. बराच वेळ पाहून म्हणाले, "मास्तर, दोन्ही बाजू साफ हायेत. करून टाका." मी त्यांच्या सल्ल्यावरच लग्न केलं, असं मी आजही बायकोला सांगतो. तिला ते आवडत नाही.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी शहापूरच्या शाळेत नोकरीला होतो आणि मामा माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे. आमच्या गल्लीत एका डॉक्टरीणबाईंचा आठ खाटांचा दवाखाना होता. त्याच्या मागच्या खोलीत मामा एक्स-रे काढत. एक्स-रे हा शब्द कागदावर. गावाच्या तोंडी तो फोटो, आणि मामा फोटोवाले. त्यामुळे मुंज-बारशाचं विचारायलाही लोक त्यांच्याकडे येत, आणि मामा गंभीरपणे सांगत, "काढतो, पन फक्त बरगड्या येतील."

फोटोआधी तालीम असायची. मी नाटकात कामं करणारा माणूस, पण एवढी कडक तालीम मी कुठल्याही दिग्दर्शकाकडे पाहिली नाही. श्वास घ्या, धरा, सोडा, पुन्हा घ्या. रोगी कंटाळला की मामा म्हणत, "दम धर रे. येकदाच काढायचा हाय, लगीन हाय काय दोनदा कराया." जमिनीवर पावलांसाठी आणि भिंतीवर हनुवटीसाठी त्यांनी खडूच्या खुणा केलेल्या होत्या. एकाच रोग्याचा फोटो पुन्हा काढायचा तर तो त्याच खुणांवर, तेवढ्याच विजेवर. "काल आन् आजमधी मानूस बदलला पायजे, मशीन नाय," हे त्यांचं शास्त्र. आणि गर्व एकाच गोष्टीचा. "मानूस खोटं बोलंल, माझा फोटो नाय बोलनार." हे वाक्य मी रोज ऐकत होतो. पुढे एका सकाळी ते त्यांना गिळावं लागलं, आणि त्या सकाळी माझा थोरला भाऊ वाचला.

भाऊ किन्हवलीच्या पलीकडे, मुरबाडच्या अंगाला आमच्या गावी शेती करायचा. भातकापणी झाली आणि त्याच्या पोरांना कांजण्या आल्या. पोरं आठ दिवसांत उड्या मारू लागली, मग भाऊला आल्या. मोठ्या माणसाला कांजण्या वाईट, त्यात भाऊ विडी ओढणारा. मी गावी पोचलो तेव्हा दाराला कडुलिंबाचा पाला लागला होता आणि घरात फोडणी बंद होती. भाऊ अंगभर फोडांनी भरला होता, पण मला घाबरवलं ते त्याच्या श्वासानं. दोन शब्दांत तीनदा थांबत होता आणि ओठ जांभळट पडले होते.

आई मात्र खांबासारखी उभी. घरात बाय, म्हणजे देवी, आली आहे, नवव्या दिवशी अंगावर पाणी घालून तिला निरोप द्यायचा, तोवर उंबरा ओलांडायचा नाही आणि अंगाला सुई लावायची नाही. आमच्याकडे ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. मी शहाणपणा शिकवायला गेलो, तर ती म्हणाली, "तू मास्तर पोरांचा. माझा नाय."

मी उलट पावली शहापूरला आलो आणि भाड्याच्या जीपनं मामांना घेऊन परत गेलो. डॉक्टरीणबाईंना नेलं नाही, कारण त्यांना पाहून आईनं दारच लावलं असतं. मामांनी चपला अंगणात काढल्या, पाल्याला हात जोडले आणि खाली बसले. दवाखान्याचं नाव नाही. आईचा एक हात घेतला आणि भाऊच्या छातीवर ठेवला, दुसरा तिच्या स्वतःच्या छातीवर. "आये, मोज. तुझा येक होतो तवर ह्याचे किती व्हतात?" आईला वीसच्या पुढे मोजता येत नव्हतं, पण तिला तेवढी गरज पडली नाही.

मग मामा हळू आवाजात म्हणाले, "पाव्हनी आली, तिला ओटीवर बसवली, मान दिला. पन ती चुलीपर्यंत शिरली काय, येवढं बघू दे. तिला हितं सोडून नाय नेत. संगतीच नेऊ. तू बी चल."

आईनं भाऊच्या छातीवरचा हात काढला. नंतर उठली, कडुलिंबाची मोठी फांदी मोडली आणि जीपमध्ये सगळ्यात आधी जाऊन बसली.

दवाखान्यात पोचल्यावर मामांनी मागच्या खोलीतली इतर माणसं घालवून दिली आणि भाऊचा फोटो काढला. तो धुऊन, वाळवून, काचेमागं दिवा लावून आईला दाखवला. दोन्ही फुप्फुसं बारीक पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली, कुणी मूठभर कण्या फेकाव्यात तशी. आईनं भाऊच्या पाठीकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, पुन्हा पाठीकडे पाहिलं. "जेवढी भायेर, तेवढीच आत," ती म्हणाली. आणि डॉक्टरीणबाईंकडे न बघता, "लावा सुई."

कांजण्यांवरची इंजेक्शनं कल्याणहून आली, नळीतून प्राणवायू सुरू झाला. तरी दुसऱ्या दिवशी श्वास आणखी चढला. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. त्या खोटा धीर देणाऱ्यातल्या नव्हत्या. रोगावरचं औषध चालू आहे, पण फुप्फुसाला आलेली सूजच आता त्याला गुदमरवते आहे. सूज उतरायला स्टेरॉइड देता येतं. नुसतं दिलं तर कांजण्या भडकतील. कांजण्यांच्या औषधाच्या जोडीनं, थोडे दिवस दिलं तर कदाचित तारेल. पुस्तकांचंही यावर एकमत नाही. "मी सुरू करते," त्या म्हणाल्या, "पण परवाच्या फोटोत वाढलेलं दिसलं तर मी थांबवणार आणि त्याला मुंबईला पाठवणार." त्या प्रवासासाठी गाडीत प्राणवायूचा एकच सिलिंडर मिळणार होता, आणि तो वाटेत पुरेल याची खात्री त्या देत नव्हत्या.

स्टेरॉइड सुरू केल्यापासून तिसऱ्या सकाळी भाऊला खुर्चीवरून मागच्या खोलीत नेलं. त्याला खोकल्याची उबळ आली होती, मामांनी घाई केली आणि फोटो काढून मोकळे झाले. बाईंनी तो काचेवर लावला. सगळं पांढरं. पहिल्या फोटोपेक्षा कितीतरी पांढरं. बाई सिस्टरला म्हणाल्या की स्टेरॉइड बंद करा आणि गाडी बोलवा. आई खाली मान घालून फांदीची पानं खुडत होती.

मामांनी फोटो काढून घेतला आणि खिडकीशी गेले. एक डोळा बारीक. ते ठिपके बघत नव्हते, हृदयाच्या सावलीमागं पाठीचे मणके शोधत होते. चांगल्या फोटोत ते पुसट का होईना, दिसतात. इथं एकही नव्हता. तेवढ्यात त्यांना समोरच्या भातगिरणीची धडधड ऐकू आली असावी. ती मोटर चालू असली की आमच्या गल्लीतले दिवे मिणमिणे व्हायचे. म्हणून फोटोआधी मशीनचा काटा बघायचा, हे मामांचं रोजचं व्रत. त्या सकाळी घाईत त्यांनी तो पाहिला नव्हता. वीज कमी पडली की फोटो कच्चा निघतो आणि निरोगी माणूसही पांढरा दिसतो.

कुणालाच कळलं नसतं. मामा परत आले आणि बाईंच्या पुढ्यात सरळ उभे राहिले. "बाई, गाडी थांबवा. आज माझा फोटो खोटं बोललाय. चूक माझी हाय."

बाई भडकल्या. धाप लागलेल्या माणसाला पुन्हा हलवायचं का, असं त्यांनी विचारलं.

"मुंबईपर्यंत हलवन्यापरीस ह्या खोलीतून त्या खोलीत हलवा," मामा म्हणाले.

मग मामा गिरणीत घुसले. टोपल्या घेऊन बसलेल्या बायांनी त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या मी मास्तर असल्यामुळे लिहू शकत नाही. मालक नाही म्हणत असताना मामांनी सरळ मोटरीचा पट्टा उतरवला आणि त्या पट्ट्यावर मला बसवून ठेवलं. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत महत्त्वाची भूमिका, आणि तीत एकही संवाद नव्हता. तिकडे काटा जागेवर आला. भाऊची पावलं खुणांवर ठेवली. श्वास घे, धर, सोड.

मामा ओला फोटो कुणाला बघू देत नसत. म्हणत, ओल्या फोटोत सगळेच मरायला टेकलेले दिसतात. त्या दिवशी पाणी निथळतच तो त्यांनी बाईंच्या हातात दिला. मणके दिसत होते. ठिपके होते, पण त्यांच्यामधून काळी, मोकळी जागा उघडत होती. बाई म्हणाल्या, "उतरतंय." स्टेरॉइड चालू राहिलं, मग पायरीपायरीनं कमी होत थांबलं. आईनं दवाखान्यातच मुलाला पाणी घातलं, आणि सिस्टरनं ते गुपचूप पुसून काढलं.

मामांनी त्यानंतर ते आवडतं वाक्य कधी उच्चारलं नाही. कुणी आठवण करून दिली तर म्हणत, "फोटो गरीब हाय, काढनारा लबाड असतो."

काही वर्षांनी मामा निवृत्त झाले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी भाऊला बोलावून घेतलं आणि काही होत नसताना त्याच्या छातीचा फोटो काढला. भाऊ म्हणाला, मामा, आता कशाला? मामा म्हणाले, लागंल, आणि फोटो पाकिटात घालून त्याच्या हाती दिला. पुढे दोनच वर्षांत, आटगावला मुलीकडे असताना, मामा झोपेतच गेले.

दोन हजार सालानंतर भाऊचा खोकला थांबेना, तेव्हा मी त्याला मुरबाडच्या एका तरुण डॉक्टरकडे नेलं. त्यानं नवा फोटो पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. दोन्हीकडे पांढरे, कडक ठिपके. टीबीच्या गोळ्या आजच सुरू करू, म्हणाला. भाऊनं पिशवीतून मामांचं पाकीट काढलं. त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "याला पूर्वी कांजण्यांचा न्यूमोनिया झाला होता. ठिपके त्याचे असून चुन्यासारखे घट्ट झाले आहेत. ते जाणार नाहीत. ताडून बघावे. ग. धानके."

डॉक्टरनं दोन्ही फोटो शेजारी लावले आणि पेन्सिलीच्या टोकानं ठिपक्यामागून ठिपका मोजला. तेच होते, तेवढेच होते. थुंकी तपासली, तीही साफ निघाली. खोकल्याचं कारण भाऊच्या खिशात सापडलं, विड्यांचं बंडल.

त्यानं मामांचा पत्ता विचारला. ते गेले, हे मी सांगितलं. त्यानं पाकीट पुन्हा पुढ्यात ओढलं. मग खिशातलं पेन काढून त्यानं मामांच्या अक्षराखाली लिहिलं, "पाहिले. तसेच आहेत." तारीख घातली, सही केली आणि पाकीट भाऊच्या हाती देत म्हणाला, "पुढच्या डॉक्टरला दाखवा."

आता त्या पाकिटावर चार डॉक्टरांच्या सह्या आहेत. भाऊनं विडी सोडली आहे, असं तो सांगतो. पाकिटावर सह्यांच्या खाली अजून बरीच जागा आहे.