चार मोकळे स्लॉट

आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात त्या सर्व्हरचं वर्णन वाचलं, तर हा डबा अख्खी मुंबई चालवेल असं कुणालाही वाटलं असतं. युनिक्सवर चालणारा, एका वेळी अनेक जणांना काम करू देणारा, वगैरे वगैरे. प्रत्यक्षात आठ एमबी मेमरी, तीनशे एमबीची डिस्क, बॅकअपला एक टेप आणि आठ टर्मिनलं, म्हणजे पडदा आणि कीबोर्डच्या जोड्या, जोडायची सोय. आज हातातल्या फोनवरचे चार फोटोही त्या मेमरीत मावायचे नाहीत. पण तेव्हा त्याच्यासाठी वेगळी एसीची खोली बांधायचे आणि आत जाताना चपला बाहेर काढायला लावायचे. देवळातसुद्धा मी एवढं सोवळं कधी पाळलं नव्हतं.

डिप्लोमा करून मी त्या कंपनीत मशीन बसवायच्या आणि दुरुस्त करायच्या कामाला लागले होते. लालबागला आमच्या चाळीत मला ‘कंप्युटरवाली’ म्हणत. त्यात कौतुक कमी आणि टोमणा जास्त. गिरण्यांचा मोठा संप होऊन सात-आठ वर्षं झाली होती, आणि एके दिवशी मला हे मशीन बसवायला पाठवलं ते नेमकं बाबांच्या मिलमध्ये.

बाबा साचाखात्यात होते. म्हणजे मागावर कापड विणायचे. चार साचे त्यांच्या हाताखाली असायचे. संप संपला असं कुणी कधी सांगितलंच नाही. मिलमधलं सूतखातं अर्धंमुर्धं सुरू झालं, साचाखात्याला कुलूप राहिलं, आणि बाबा वाट बघत बसले. घर आईच्या खानावळीवर चालत होतं. मामांनी कॉटन ग्रीनच्या एका गोदामात वॉचमनची जागा बाबांसाठी धरून ठेवली होती आणि हो की नाही ते सांगा म्हणून निरोपावर निरोप धाडत होते. बाबांचं एकच उत्तर, “उद्या मिल चालू झाली, तर मी खंय असतलंय? गोदामाच्या गेटार?”

मिलमध्ये नवं मशीन आलं हे माझ्या तोंडून ऐकलं आणि बाबा ताठ बसले. जी मिल बंद करायचीय, तिच्यासाठी मालक मशीन कशाला घेईल?

मी काही गोड बोलणाऱ्यांतली नाही. मी सरळ सांगितलं, की आठ टर्मिनलं आहेत आणि आठही ऑफिसात आहेत. साचाखात्याकडे एकही वायर गेलेली नाही. मालकाच्या मनात काय आहे ते मशीनच्या मापावरून कळतं. हजारो माणसांची मिल चालवायची असती, तर एवढंसं मशीन कुणी घेतलं नसतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आत मोकळी जागा किती आसा?”

मशीनच्या पोटात आठ खाचा होत्या, आम्ही त्यांना स्लॉट म्हणायचो. टर्मिनलं वाढवायची झाली, की तिथे नवं कार्ड खोचायचं. चार भरलेले होते, चार मोकळे. मी खरं ते सांगितलं.

“मग साचाखात्याची सोय ठेवल्यानी हा,” बाबा म्हणाले.

मिलमध्ये नवे साचे यायचे, तेव्हा आधी खात्याच्या जमिनीत त्यांचे पाय रोवायला खड्डे खणून ठेवत. मोकळा खड्डा दिसला, की साचा येणार हे कामगार ओळखायचे, आणि साचा आला, की माणसं लागणारच. आयुष्यभर बाबांनी हे पाहिलं होतं. “उगाच कोण खड्डे खणता गो?” ते मला समजावत होते. मी ओरडून सांगितलं, की बाबा, प्रत्येक मशीन कारखान्यातून अशाच मोकळ्या खाचा घेऊन येतं, त्या कुणी कुणासाठी राखलेल्या नसतात. उपयोग शून्य. त्याच आठवड्यात त्यांनी मामांना ‘नाही’ असं कळवून टाकलं. आई डब्यांची झाकणं जोरात लावत राहिली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. आमच्या माणसाला काडीसुद्धा लागली नाही, काडीची रिकामी जागा पुरली.

पुढच्या वर्षी मिलकडून ऑर्डर आली. आणखी आठ टर्मिनलांचं कार्ड, लांबलचक केबल, आणि एवढ्या लांबवर सिग्नल पोचावा म्हणून मध्ये बसवायचा एक डबा. कुठे न्यायचं, तर साचाखात्यात. तो कागद मी दोनदा वाचला. क्षणभर मला वाटलं, मीच मूर्ख, बाबा बरोबर.

घरी सांगितल्यावर बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, “माका घेऊन चल.” केबलचं भेंडोळं खांद्यावर घेऊन माझा हेल्पर म्हणून ते मिलच्या गेटातून आत गेले. चौक ओलांडताना ते माझ्या पुढे चालत होते. मला वाट दाखवत होते.

साचाखात्याचं दार उघडंच होतं. आत एकही साचा नव्हता. जमिनीवर पांढऱ्या टाइल्स, वर खोटं छत आणि ओळीने टेबलं. शेड कुठल्याशा ऑफिसला भाड्याने दिली होती, सोबत मशीनचा वापरही; नवी टर्मिनलं त्यांच्यासाठी होती. लोखंडी खांब तेवढे जुने. बाबा एकेका खांबाला हात लावत पुढे गेले आणि एका टेबलापाशी थांबले. तिथे माझ्याच वयाची एक मुलगी बसली होती. तिने वर पाहिलं, चांगल्या मनाने विचारलं, “अंकल, किसको मिलना है?”

बाबा टाइल्सकडे बघत राहिले. मग म्हणाले, “किसीको नहीं.”

मी कार्ड खोचलं, टर्मिनलं जोडली, हिरवी अक्षरं उमटली. असा राग मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं. काम आटोपून बाहेर आले, तेव्हा बाबा चौकात उभे होते.

“साच्यांचा काय केल्यानी?” त्यांनी विचारलं.

“भंगारात गेले असतील, बाबा.”

“भंगारात कशाक?” ते म्हणाले. “मी चालू साचे सोडून इललंय गो. माझो तागो अर्धो रवललो.”