मायचं विरजण

लग्नानंतर, कापसाची पेरणी सुरू होण्याआधी, मी बाजारहत्नूरजवळचं आमचं गाव सोडून हैदराबादला गेले. निघताना मायने हातात सुती लुगड्याची एक पट्टी ठेवली. दह्यात भिजवून सावलीत वाळवलेली, कडक. "कोमट दुधात टाकजो, लागते बरोबर. अन् जुनं सरायच्या आंधी नवं लावजो. जागा खाली राह्यली का भलतंच येऊन बसते." बाबा बस मिळते त्या इच्चोड्यापर्यंत ऑटोत सोबत होते.

हैदराबादेत दूध पाकिटातलं होतं आणि शेजारीण दह्याला पेरुगु म्हणायची. पट्टी टाकलेलं दूध लागलं. तेव्हापासून ते विरजण मोडलेलं नाही.

मी वर्तमानपत्रात आरोग्याचं पान पाहते. एका बातमीसाठी प्रयोगशाळेत गेले, तेव्हा सोबत घरचं दही नेलं. तिथल्या बाईंनी काचेच्या ताटलीत जुलाब करणारे जिवाणू पसरले आणि मधोमध दह्यातून वाढवलेल्या जिवाणूंचा एक ठिपका दिला. पुढच्या भेटीत ताटली धुरकट झाली होती. ठिपक्याभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ होतं, तिथे काहीच उगवलं नव्हतं. बाईंनी सांगितलं ते असं : दह्यातले जिवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतात. त्या आंबटपणात बहुतेक अपायकारक जिवाणूंची वाढ खुंटते. काही जाती त्यांना मारणारी प्रथिनंही तयार करतात. आतड्यात टिकणाऱ्या जाती अन्न आणि जागा आधी अडवतात. पण घरच्या दह्याला सरसकट प्रोबायोटिक म्हणता येत नाही. त्यासाठी जात ओळखून माणसांवर तपासावी लागते. हे सगळं बातमीत आलं. मायचं वाक्य आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात माय वारली. मी पोचले तेव्हा बायका स्वयंपाकघर रिकामं करत होत्या. मयत झालेल्या घरात शिजलेलं, आंबवलेलं ठेवत नाहीत. कोनाड्यातलं विरजणाचं मडकंही उकिरड्यावर नेऊन फोडलं. माझ्या फ्रिजमधलंही टाकायचं का, असं मी काकूला विचारलं.

"तुह्या घरचं काऊन टाकतं?" काकू म्हणाली. "तू त दुसऱ्याच्या घरची वो आता. तुले तीन दिवस सुतक, तुह्या दह्याले काहीच नाही."

मयताच्या घरातही त्यावर कोणीतरी हसलं. तुम्ही जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे निघालात, त्या तुम्हा सगळ्यांना हे ठाऊक असेल : हैदराबादेत मी गावाला घर म्हणते, गावातले माझ्या फ्लॅटला घर म्हणतात.

पुढे भावाच्या बायकोने शेजारून विरजण आणलं. दही चांगलं घट्ट लागलं. मग तिचा फोन आला. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते.

"ताई, मामाजी जेवून नाही राह्यले. ताकाबिगर भाकर उतरत नाही, अन् ताक घेत नाहीत. वाटी हुंगतात, 'हे तिचं नोय' म्हणतात अन् सरकवून देतात. काल रिकाम्या कोनाड्याकडं पाहून म्हणे, 'झाकण ठेव वो, मांजर येईन.'"

"मग तू काय केलं?"

"मी काय करतो? ठेवलं झाकण. रिकाम्या जागेवर."

बाबा खंगत चालले होते. गावाहून आणलेल्या मायच्या लुगड्याची एक पट्टी मी माझ्या दह्यात भिजवली आणि बाल्कनीत सावलीला वाळवली. निघण्याआधी प्रयोगशाळेतल्या बाईंना विचारलं, हे अजून तेच आहे का? त्या म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत पाकिटातल्या दुधातून, तुमच्या हातांतून दुसरे जिवाणू आले असतील. तपासल्याशिवाय सांगता येणार नाही." मी तपासून घेतलं नाही.

गावात वहिनीने नवं मडकं आणून ठेवलं होतं. तिने दूध कोमट केलं, मी पट्टी टाकली. बाबा भिंतीशी बसून पाहत होते. मडकं कोनाड्यात ठेवल्यावर ते उठले आणि त्यांनी स्वतः झाकण ठेवलं.

सकाळी वहिनीने मडकं कलतं केलं. दही हललं नाही. तिने वाटी भरून बाबांसमोर ठेवली. त्यांनी ती नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली. मग खाली ठेवून तिच्यात भाकर कुस्करली.