लाल अक्षरांतलं नाव

“बघून झालं? मग चला.”

चंद्रहासच्या तोंडी हे वाक्य सदाचंच. किल्ला असो, समुद्र असो, साकुराचा बहर असो. बायको मान वर करून उभी राहायची आणि हा गडी चार पावलं पुढे जाऊन तिची वाट बघत असायचा. कृष्णाकाठच्या एका खेड्यातून तो तरुणपणी नागोयाला आला, यंत्रांचे सुटे भाग घडवणाऱ्या कारखान्यात लागला आणि तिथलाच झाला. लग्न केलं ते सेतो गावातल्या कुंभाराच्या लेकीशी, फुमिएशी. माणूस कामाला वाघ. पण डोळ्यांनाही भूक असते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

फुमिएच्या स्वयंपाकघरात एक कॅलेंडर होतं. त्याचं साल कधीच सरलं होतं, पण त्यावर प्राग शहरातला जुना दगडी पूल होता, म्हणून ती ते भिंतीवरून उतरवू देत नसे.

“एकदा त्या पुलावर ने मला,” ती म्हणायची.

“पूल आमच्या गावालाही आहे,” तो म्हणायचा.

शेवटी त्यांची लेक अवंतिका नोकरीला लागली, त्या वर्षी त्यानं प्रागच्या सहलीची दोन तिकिटं काढली. त्याच उन्हाळ्यात फुमिएच्या पोटात गाठ निघाली, आणि झाडांची पानं पिवळी पडायच्या आत ती गेली.

जपानात दहन झाल्या झाल्या घरच्यांनी अस्थी वेचायच्या असतात. लांब काड्यांनी, दोघांनी मिळून एक. चंद्रहासनं लेकीबरोबर एक अस्थी उचलून भांड्यात ठेवली. त्याच्या गावी राख निवल्यावर, तिसऱ्या दिवशी, हातानं वेचतात. ही तर अजून ऊन होती. तो काड्या ठेवून बाहेर गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. म्हणून शेवटची अस्थी त्यानं पाहिलीच नाही. ती गळ्याची. ध्यानाला बसलेल्या बुद्धासारखी दिसते, म्हणून ती सगळ्यांत शेवटी, सगळ्यांच्या वर ठेवतात. फुमिएच्या आईनं, तोकी आजीनं, ती ठेवली आणि नातीच्या कानात म्हणाली, “बघ, आता नीट बसली माझी मुलगी.”

अस्थी मातीत जायच्या होत्या एकोणपन्नासाव्या दिवशी. तोवर भांडं चंद्रहासच्या घरी, फुमिएच्या फोटोपुढे राहणार होतं. परदेशी जावयाला कुळाचं थडगं कुठलं असायला? तोकी आजीनं आपल्या घराण्याच्या थडग्यात दोघांची सोय केली. अवंतिकेचा मामा नको नको म्हणत असताना तिनं दगडावर दोन नावं कोरून घेतली. फुमिएचं पांढरं. शेजारी चंद्रहासचं, लाल. जो अजून जिवंत आहे त्याचं नाव तिथे लाल रंगानं भरतात.

“तुमची जागा राखून ठेवलीय, चंद्रहास-सान,” आजी म्हणाली होती.

त्या देशात उभं आयुष्य काढलं, पण ‘तुमची जागा’ असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. घरी येताना गाडीत तो लेकीला म्हणाला, “अवंते, माझं गाव ठरलं बघ आता.” आणि खिडकीकडे तोंड करून बसला.

सहलीची तारीख आली. नागोयातल्या ओळखीच्या मराठी घरातल्या कुमुदिनीवहिनींनी फोन केला. “भावजी, तेराव्याचं पान वाळलं नाही अजून, आणि सहलीला? लोक काय म्हणतील?”

“लोकांचं तिकीट नाही काढलेलं, वहिनी,” तो म्हणाला. फुमिएच्या जागी त्यानं अवंतिकेला नेलं.

नोव्हेंबरातलं प्राग ओल्या चिंधीसारखं होतं. वाटाड्या बाईच्या हातात पिवळं निशाण, आणि त्यामागे जपानी मंडळी रांगेनं. घड्याळाचा मनोरा झाला, चर्च झालं, चौक झाला. चंद्रहास सगळ्यांच्या मागे, एक हात कोटाच्या खिशात घालून चालत होता. अवंतिकेला वाटलं, बाबांना थंडी वाजतेय.

पूल आला. दोन्ही अंगांना काजळलेले दगडी संत, मध्ये धुकं, खाली राखेच्या रंगाची नदी. अर्ध्या वाटेवर चंद्रहास रांग सोडून बाजूच्या पायऱ्या उतरला. अवंतिका त्याच्या मागोमाग गेली. पाण्याच्या काठाशी तो उकिडवा बसला, खिशातून रुमाल काढला, उलगडला. आत आईची अस्थी होती. तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्यानं ओंजळ पाण्यात बुडवली आणि रिकामी वर काढली.

“बाबा!”

“ओरडू नकोस. आईला आवडायचं नाही.”

“कुठली घेतलीत?” ती जपानीतच विचारून गेली.

“वरचीच. लहानशी होती. म्हटलं, एवढ्यानं काय उणं पडतंय?” तो मराठीत म्हणाला. “पाण्याला लागल्याबिगर माणूस सुटत नाही गं. बाकीच्या सगळ्या आजीच्याच आहेत की. आणि हिला इथं यायचं होतं.”

ती गळ्याची होती, हे सांगायला अवंतिकेनं तोंड उघडलं. तेवढ्यात वरून वाटाड्या बाईनं हाक मारली, मंडळी निघाली होती. चंद्रहास उठला. पण त्याची मान वर होती. तो पूल बघत होता. एक एक कमान, एक एक संत.

“थांब जरा,” तो म्हणाला. “बघू दे.”

आईनं जन्मभर ज्या शब्दांची वाट पाहिली, ते हे होते. अवंतिकेनं तोंड मिटलं. पुढे नागोयाला परतल्यावरही रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगू. आणि रोज बाबा त्या कॅलेंडरपुढे चहा पीत बसलेले असायचे.

एकोणपन्नासावा दिवस उजाडला. सेतोच्या टेकडीवर वारा बोचत होता. त्या घराण्याची रीत अशी, की भांडं थडग्यात ठेवायचं नाही, अस्थी मातीतच सोडायच्या, आणि गळ्याची शेवटी. दगड सरकवला. भिक्षूनं मंत्र सुरू केले. एका हातानं नातीचा हात धरून तोकी आजीनं झाकण काढलं. आत बघितलं. बोटांनी चाळवलं. पुन्हा बघितलं. मंत्र थांबले.

“गळ्याची कुठे आहे?”

चंद्रहासनं लेकीकडे पाहिलं. “गळ्याची म्हणजे?”

“तीच ती, बाबा,” अवंतिका मराठीत म्हणाली. “वरची. सगळ्यांत मोठ्या मानाची असते ती.”

मग कारखान्यात माल बिघडला की कामगार साहेबापुढे सांगतो तसं त्यानं स्वच्छ जपानीत सगळं सांगितलं. काय झालं, कुठे झालं, कुणाच्या हातानं झालं. शेवटी म्हणाला, “ओका-सान, मला ठाऊक नव्हतं.” ओका-सान म्हणजे आई. सासूला तो पहिल्यापासून तेच म्हणायचा.

“मग माझी मुलगी आता बसणार कशी?” आजीनं विचारलं.

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं खरंच विचारलं होतं.

मग ती नातीकडे वळली. “तुला ठाऊक होतं?”

“हो.”

आजीनं तिचा हात सोडला.

“लाल रंग खरवडून काढतो,” मामा म्हणाला. “नावही घासून टाकू. मी सांगतच होतो.”

चंद्रहास सासूच्या तोंडाकडे बघत राहिला. ती नको म्हणाली नाही. हो सुद्धा म्हणाली नाही. खाली बसून मूठ मूठ अस्थी मातीत सोडायला लागली. शेवटी हात रिकामा झाला तरी तो तसाच खड्ड्यावर धरून ठेवला, जणू अजून काही सोडायचं राहिलं होतं.

चंद्रहास कमरेत वाकला. आधी थडग्याला, मग तिला. वाकलेला तो बराच वेळ उठला नाही. उठला तेव्हा दगडाकडे न बघता पायऱ्यांकडे वळला.

आता बाबा म्हणतील, बघून झालं, मग चला, असं अवंतिकेला वाटलं. म्हणाले असते तर ती त्यांच्यामागे गेली असती. शेवाळलेल्या पायऱ्यांवर पाय जपत, एक हात कोटाच्या खिशात घालून, तो एकटा उतरत गेला. मामा दगड सरकवायला लागला होता. तोकी आजी मातीचे हात तसेच धरून उभी राहिली. अवंतिका तिच्यापासून हातभर लांब. खालच्या थडग्यांमागे त्याची टोपी दिसेनाशी झाली, तरी दोघी तिकडेच बघत होत्या.