बंदरासमोर नांगरून ठेवलेल्या दोन वऱ्हाडी बायका

मंगळवार, १२ जानेवारी १९३७, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. या वेळेला कोकणच्या दक्षिणेकडच्या एका बंदरात, किनाऱ्यावरच्या माणसांचे चेहरे ओळखू येतील इतक्या अंतरावर, आरोग्यचौकीच्या कारकुनाने मला आणि धाडच्या हमिदाबींना फतेमारीवरून, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबतावरून, उतरायला मनाई केली. बंदराचं नाव मी लिहीत नाही. का लिहीत नाही ते शेवटी कळेल. एका कारकुनासाठी चांगला प्रवास वाईट म्हणून सांगायची माझी इच्छा नाही, तेव्हा पहिल्यापासून सांगते.

हमिदाबी धाडच्या आठवडी बाजारात बांगड्या भरतात. त्यांची एकुलती एक लेक जुबेदा बुलढाण्याला माझ्या घरी राहून सातवीपर्यंत शिकली. दोन वर्षांपूर्वी ती त्या बंदरातल्या एका दर्यावर्दी कुटुंबात पडली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. पण दिवस भरत आलेल्या मुलीला समुद्र, रेल्वे आणि आमचा घाट यांतून पाठवायला सासू तयार होईना, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. जुबेदाने एवढंच कळवलं, अम्मा, तू ये. हमिदाबी माझ्या ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, मले एकटीले थ्या दर्यात कोन नेईल?"

मी नेईन म्हटलं. त्यात माझाही स्वार्थ होता. मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत निळ्या खडूने फळ्यावर समुद्र काढला, भरती-ओहोटी शिकवली, मोसमी वारे शिकवले, आणि समुद्र पाहिला होता तो एकदा लग्नाला गेले तेव्हा, गिरगावातल्या एका खिडकीतून. मी शिकले त्या मिशनच्या शाळेतल्या नन्सनी मला तीन गोष्टी शिकवल्या: नकाशा वाचणं, काजं करणं, आणि समोरचा कितीही मोठा असला तरी आपलं वाक्य पूर्ण करणं. तिन्ही या प्रवासात उपयोगी पडल्या.

पुतण्याचं म्हणणं, आगबोटीने जा, शिडाच्या गलबतातून या वयात कशाला. आगबोट त्या बंदरात थांबत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. जुबेदाच्या सासरची फतेमारी मुंबईला कौलं उतरवून परत जाणार होती. तिचे तांडेल, म्हणजे कप्तान, इब्राहिमचाचा हे जावयाचे सख्खे चुलते. मग प्रश्न मिटला.

बुलढाण्याहून मलकापूरपर्यंत सर्व्हिस मोटार. मोटारवाल्याने माणशी एक रुपया मागितला, चौदा आण्यांवर तुटला. राजूरच्या घाटात धूळ इतकी की उतरलो तेव्हा दोघींचे केस एका रंगाचे होते. जाणाऱ्यांनी पदर ओला करून नाकाला धरावा आणि पुढच्या बाकावर बसावं. मागचं बाक म्हणजे घाट पाठीने मोजणं. मलकापूरहून रेल्वे, सकाळी मुंबई, आणि व्हिक्टोरियाने थेट धक्का. हमिदाबींच्या डोक्यावर ट्रंक, त्यात अळिवाचे लाडू, सुंठ, आणि जुन्या मऊ लुगड्यांची स्वतः शिवलेली दुपटी. माझ्याकडे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि छत्री.

फतेमारीवर चढायला एक फळी असते. ती हलते. खाली पाणी असतं, त्यात काय काय तरंगत असतं ते लिहिण्याजोगं नाही. हमिदाबी फळीपाशी थांबल्या, बिस्मिल्ला म्हणाल्या आणि बाजारात गर्दीतून जातात तशा तरातरा चढून गेल्या. मी छत्री टेकत गेले आणि दोनदा खलाशाचा हात धरला.

ज्या बायकांना असा प्रवास करायचा असेल त्यांना माहीत असावं म्हणून स्पष्ट लिहिते: शौचासाठी गलबताच्या मागच्या अंगाला बाहेर टांगलेलं एक लाकडी खोकं असतं. इब्राहिमचाचांनी आमच्यासाठी त्याला गोणपाटाचा पडदा लावून घेतला होता आणि आम्ही तिकडे निघालो की सगळे खलाशी न सांगता पुढे पाहत. एवढा सभ्यपणा मी रेल्वेत पाहिलेला नाही.

मुंबई मागे पडल्यावर शीड चढवलं. दहा जण एका सुरात दोर ओढत होते. ते कापड वर जाताना ढिलं, मळकं, गोणीसारखं दिसतं. मग वारा भरतो आणि एकदम त्याला पोट येतं. हमिदाबी म्हणाल्या, "आपल्या जुबेदासारखं दिसून राह्यलं." खलाशी हसले. दिवसभर किनारा डाव्या हाताला निळ्या रेघेसारखा, दुपारनंतर समुद्राकडून वारा, पहाटे जमिनीकडून. मी हे पुस्तकातून शिकवलं होतं आणि ते खरं आहे हे पाहून मला उगाचच आपलं कौतुक वाटलं.

पहिल्याच दुपारी मी विचारलं, कधी पोहोचू? सुकाणूवरचा माणूस दुसरीकडे पाहू लागला. इब्राहिमचाचा शांतपणे म्हणाले, "बाई, दर्यात हे विचारायचं नाय. विचारलं की वारा ऐकतो." मी वाद घालणार होते. पण त्या संध्याकाळी वारा खरोखरच पडला, आणि हमिदाबींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तो प्रश्न पुन्हा काढला नाही.

जेवण म्हणजे उकड्या तांदळाचा भात आणि माशांचं सार. मी दशम्यांवर होते. तिसऱ्या दिवशी त्या पुठ्ठ्यासारख्या झाल्या तेव्हा ताकाऐवजी नारळाच्या दुधात बुडवून खाल्ल्या आणि बऱ्या लागल्या. गोडं पाणी एका मोठ्या लाकडी पिपात, त्यातूनच सगळे प्यायचे, आम्हीही. हमिदाबी कठड्याला धरून बराच वेळ समुद्राकडे पाहत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "इतलं पानी, अन् प्याले एक घोट नाही. यापेक्षा आमचा धाडचा उन्हाळा बरा, थो खोटं तर बोलत नाही."

मंगळवारी सकाळी खाडीच्या तोंडाशी वळलो आणि ते गाव दिसलं. मी खूप गावं पाहिली नाहीत, पण याच्यासारखं दुसरं असेल असं वाटत नाही. पाण्यापर्यंत नारळ उतरलेले, त्यांत लाल कौलं बुडालेली, पांढरी मशीद, पलीकडच्या टेकडीवर देवळाची दीपमाळ, वाळूवर सुकत घातलेली जाळी. हवेला ओल्या काथ्याचा, माशांचा आणि कुठेतरी तापणाऱ्या खोबरेल तेलाचा वास. धक्क्यावर जावई उस्मान उभा होता. त्याने हात हलवला. हमिदाबींनी ट्रंक डोक्यावर घेतली.

तेवढ्यात चौकीची होडी आली. त्यात तो कारकून होता, तरुण, टोपी नीट, बोलणं पुस्तकातलं. त्याने हमिदाबींना विचारलं, कुठून आलात. धाडहून, त्या म्हणाल्या. धाड कुठे आलं? बुलढाण्याजवळ, वऱ्हाडात. मग त्याने विचारलं, "वऱ्हाड कोणाचं?"

हमिदाबी मान वर करून म्हणाल्या, "निजाम सरकारचं. जुम्म्याले आमच्या मशिदीत त्यायच्याच नावाचा खुतबा होते."

हे उत्तर वऱ्हाडी माणसाशिवाय कोणी देणार नाही, आणि ते खोटंही नाही. पण निजामाच्या मुलखात कुठेतरी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ होती म्हणे, आणि तिथून आलेल्या उतारूंना पाच दिवस गलबतावरच ठेवावं असा हुकूम होता. कारकुनाने होडी मागे घ्यायला सांगितलं.

मी त्याला थांबवलं. वऱ्हाडावर निजामांचं नाव आहे, अंमल नाही, हे सांगितलं. सारा नागपूरला जातो, माझं पेन्शन नागपूरहून येतं, निजामाचा शिपाई आमच्या चावडीत पाऊल ठेवत नाही, बुलढाण्यात पटकी नाही. चौथीच्या मुलींना समजतं तितक्या सोप्या भाषेत सांगितलं.

"आजीबाई, आमच्या कचेरीतल्या नकाशात वऱ्हाड आणि हैदराबाद एकाच रंगात आहेत," तो म्हणाला.

"नकाशाचा रंग पटकीला दिसतो का? आणि मी तुमची आजी नाही. असते तर तुम्हाला भूगोल आला असता."

खलाशी हसले, आणि तिथे माझं चुकलं असं उस्मान नंतर म्हणाला. कारकुनाचा चेहरा लाल झाला. आमच्याच पिपातलं पाणी प्यालेले सगळे खलाशी उतरू शकतात, कारण ते कोकणातले, असं त्याने जाहीर केलं. मी म्हटलं, हा हुकूम लेखी द्या. म्हणाला, कचेरीत या. मी म्हटलं, कचेरीत यायला उतरू कशी? त्यावर त्याने होडी वळवून घेतली. डॉक्टरांना कळवतो, एवढं होडीतून ओरडून सांगितलं.

इब्राहिमचाचा उतरले नाहीत. पाहुणे गलबतावर असताना तांडेल जमिनीवर पाय ठेवत नाही, म्हणाले, आणि शीड गुंडाळायला लागले.

जुबेदाला अजून पंधरा दिवस होते. पण दुपारी उस्मान मचव्यातून आला, चौकीवाल्यांनी आखलेल्या अंतरावर थांबला, आणि कळा सुरू झाल्याचं सांगून परत गेला. सुईण आली होती. घर आम्हाला दिसत होतं: तिसऱ्या ओळीतलं, दारात शेवग्याचं झाड. हमिदाबी त्या घराकडे तोंड करून बसल्या. ट्रंक उघडली, दुपटी काढली, घड्या मोडून पुन्हा घातल्या. मी चौकीच्या दिशेने तीनदा छत्री हलवून माणूस बोलावला. तिन्ही वेळा कोणीतरी बाहेर येऊन पाहिलं आणि आत गेलं.

दिवस बुडायच्या आधी उस्मान पुन्हा आला. लांबूनच म्हणाला, मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. गलबतावर इब्राहिमचाचांनी अल्लाचे आभार मानले.  हमिदाबींनी एकच विचारलं, मोठ्याने, कारण अंतर होतं.

"तिनं मले हाक मारली काय?"

उस्मानने वल्ह्याकडे पाहिलं. "मारीत होती, अम्मा."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. थकलेले, चांगले गृहस्थ. जीभ पाहिली, नाडी पाहिली, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, उतरा की, बसलात कशाला? त्यांना 'निजामाच्या मुलखातले उतारू' एवढाच निरोप गेला होता, म्हणून दवाखाना आटोपून ते सवडीने आले. वऱ्हाड म्हटलं असतं तर कालच सोडलं असतं, असं ते माझ्यासमोर म्हणाले. कारकून त्या वेळी पाठमोरा उभा होता.

मी तिथे दोन आठवडे राहिले आणि गावावर माझा राग नाही. जाणाऱ्यांनी सकाळी लवकर किनाऱ्यावर जावं, मचवे परततात तेव्हा. कोळणी भाव करताना पाहाव्यात. हमिदाबींनी एकीशी पापलेटावरून घासाघीस केली, दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच कळत होती आणि दोघीही समाधानाने परतल्या. खापरोळ्या नारळाच्या गोड रसात बुडवून खाव्यात. सोलकढी प्यावी. माडाखालून चालताना वर पाहावं. तसं गाव पाहायला आठवडा पुरतो.

जुबेदाने आईला पाहिलं तेव्हा ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "अम्मा, उशीर काऊन केला?" दोन वर्षं कोकणात राहूनही अगदी धाडच्या बोलीत. हमिदाबींनी बाळाला दुपट्यात घेतलं आणि सांगितलं, वारा पडला होता. मी वाक्य पूर्ण करणारी बाई, पण त्या वेळी मी गप्प राहिले. ते खोटं त्यांचं होतं, आणि लेकीसाठी होतं.

मी कोल्हापूरवरून मोटार आणि रेल्वेने एकटी परत आले. बुलढाण्यात पोहोचल्यावर फळ्याचा निळा खडू आठवला आणि तो रंग चुकीचा होता असं लक्षात आलं. समुद्र बहुतेक वेळ हिरवट-करडा असतो. पण मनात राहिलं ते वेगळंच. शेवग्याचं झाड असलेलं ते घर, हाक थोडक्यात पोहोचत नाही इतकं जवळ, आणि मध्ये एका नकाशाचा रंग.

चाळीस दिवस झाले की हमिदाबी लेकीला आणि नातीला घेऊन धाडला येतील. पावसाळ्यासाठी दर्या बंद होण्याआधी, एप्रिलात, त्या दोघींना पुन्हा मुंबईहून त्याच फतेमारीने सासरी पोहोचवायचं आहे. म्हणजे त्याच चौकीसमोर धाडहून आलेलं तीन महिन्यांचं पोर येईल. त्याला कोणी विचारलं, वऱ्हाड कोणाचं, तर ते उत्तर देणार नाही. म्हणून आधीच विचारते.

वऱ्हाडातून आलेला उतारू त्या बंदरात मध्यप्रांत व वऱ्हाडचा रहिवासी म्हणून उतरेल की नाही, आणि १२ जानेवारीला आम्हाला कोणत्या लेखी हुकुमावरून अडवलं, या दोन प्रश्नांची उत्तरं चौकीच्या वरिष्ठांनी मला लेखी पाठवावीत. माझा पत्ता त्यांच्याकडे आहे. मी तो कारकुनाकडून माझ्यासमोर लिहून घेतला आहे. मुदत ३१ मार्च १९३७, संध्याकाळी पाच. तोपर्यंत बंदराचं नाव माझ्याजवळ राहील. त्यानंतर ते छापायला दिलं जाईल, आणि एप्रिलातल्या फतेमारीवर हमिदाबींच्या शेजारी, छत्री घेऊन, मीही असेन.