जाळीच्या मुखवट्याआड

ती घटना आठवते, म्हणून लग्नाबिग्नात फेसाळत्या वाइनचं बूच उडालं आणि लोकांनी टाळ्या पिटल्या, तरी माझे हात जागचे हलत नाहीत.

नाशिकजवळच्या एका वायनरीत ती वाइन बनायची. तळघरात बाटल्या मान खाली करून फळ्यांत खोचलेल्या. रोज प्रत्येक बाटली हलक्या हातानं जराशी फिरवायची, म्हणजे गाळ मानेत उतरतो. मग तो काढून बूच ठोकायचं, वरून तार आवळायची. आत दाब एवढा, की एखादी बाटली आपोआप फुटते. फ्रान्समध्ये पूर्वी तळघरातले कामगार लोखंडी मुखवटे घालायचे म्हणे. इथे जाळीचे होते.

बाटल्या फिरवणारा कामगार संध्याकाळी मागच्या शेततळ्यात मेलेला सापडला. डोक्यावर घाव. मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा फौजदार. खबर मिळाली ती अशी, की सकाळी त्याचं बायकोशी कडाक्याचं भांडण झालं आणि दुपारी तीच डबा घेऊन गेली होती. गावानं तिला केव्हाच फासावर चढवलं होतं.

"खरं काय ते सांग," मी दरडावलं.

"देवाशप्पथ, साहेब! ते तिकडं अंधारात मुखवटा घालून बाटल्या फिरवत व्हते. मी लय हाका मारल्या, मागं वळूनबी पाह्यलं नाय. डबा ठिवला अन् आले."

बुचांना तारा आवळणाऱ्या बायकांनीही त्याला दुपारी मुखवट्यात पाहिलं होतं. डॉक्टर मात्र म्हणाले, मृत्यू सकाळचा, पोट रिकामं. आणि पंचनाम्यातला डबा चाटूनपुसून साफ! माझ्या हवालदाराची पाचावर धारण बसली.

"साहेब, मेल्यावर येऊन जेवला?"

"अरे बाबा, भुताला भाकरी लागत नाही," मी म्हणालो खरा, पण अंगावर काटा आला होता.

तळघरात उतरलो. लांब अंधारात एक बाटली फटकन फुटली. त्या दुपारी तो जिथे दिसला होता, त्या फळीवरच्या बाटल्या उजेडात धरल्या, तर गाळ उठून सगळ्या गढूळ. बाकीच्या नितळ. हा सरावलेला हात नव्हता.

त्याचा मुखवटा खिळ्याला होता. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत सैल.

"ह्यांचं डोकं बारीक," बायको म्हणाली. "टोपीलाबी मी टाके घालायचे."

एकेका पुरुषाला तो मुखवटा घालायला लावला. सगळ्यांच्या गळ्यात यायचा. दांडग्या मुकादमाला चपखल बसला. तार आवळणारी एक बाई किंचाळली, "अगं बाई, ह्योच!" जाळीआडून ते डोळे माझ्याकडे बघत राहिले.

चौकशीत मुकादम दाद देईना. मी सहज म्हणालो, "डब्यातली मेथी खारट झाली होती म्हणे."

"मेथी कुठं? वांगं होतं," तो बोलून गेला आणि पांढराफटक पडला.

मग सगळं कबूल केलं. तो बाटल्या चोरून विकायचा, ते या कामगारानं पाहिलं होतं. सकाळी त्याला मारलं आणि दुपारी माणूस जिवंत भासावा म्हणून मुखवटा घालून उभा राहिला. मग आपल्यावर संशय येऊ नये म्हणून संध्याकाळपर्यंत चारचौघांत बसला. मारायला वापरलेली जाड बुडाची बाटली त्यानं पंचांसमोर काढून दिली.

"आणि डबा?"

"भूक लागली होती, साहेब."



बायकोला ठाण्यात बसवून सगळं सांगितलं. सुटल्याचा आनंद नाही, मुकादमाला शिव्या नाहीत. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे दुपारी बोलले नाय ते हे नव्हतेच? माझ्यावर रागावून नाय गेले?"

"नाही, ताई."

तेव्हा कुठे ती रडली. कोर्टाला खुनी हवा होता, तिला हवं होतं ते एवढंच. त्यानंतर घरच्यांशी बसून बोलल्याशिवाय मी एकही तपास संपला असं म्हटलं नाही.